रक्ताचे आजार आणि त्यांवरचे उपचार: नागपूर-विदर्भातल्या कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

विदर्भात ‘अंगात रक्त कमी आहे’ हे इतक्या घरांत ऐकू येतं की त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मग गोळ्या सुरू होतात, फारच खाली गेलं तर बाटली चढते, आणि दोन-तीन महिन्यांनी गाडी पुन्हा तिथंच येते. कमी हिमोग्लोबिन हे लक्षण आहे. त्यामागचा आजार कोणता, हे विचारायचंच राहून जातं. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे हिमोग्लोबिनचे दोन्ही आनुवंशिक आजार असलेल्या आपल्या भागात ते राहून जाणं फार महागात पडतं. रुग्ण आणि नातेवाईक ओपीडीबाहेर, रक्तपेढीत, फोनवर जे विचारतात, ते प्रश्न इथं घेतले आहेत. औषधांची नावं माहिती म्हणून दिली आहेत. मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

सीबीसीचा रिपोर्ट हातात आहे. त्यात काय पाहायचं?

पहिला आकडा हिमोग्लोबिनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गरोदरपणात ११ ग्रॅमच्या खाली गेलं तर त्याला रक्तक्षय म्हणतात. पण तिथंच थांबू नका. त्याखाली एमसीव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. तो साधारण ८० ते १०० असावा. ८०च्या खाली असेल तर लोह कमी आहे किंवा थॅलेसेमियाची वाहकता (एक जनुक बदललेलं, पण आजार नाही) आहे, अशी शंका येते. १००च्या वर गेला तर बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडकडे पाहावं लागतं. सिकलसेलमध्ये एमसीव्ही अगदी नॉर्मलही असू शकतो.

आणखी एक खूण बघण्यासारखी आहे. हिमोग्लोबिन १० आणि तरी लाल पेशींची संख्या ५५ लाखांच्या वर, असं दिसलं तर तो लोहाचा अभाव नसून थॅलेसेमियाची वाहकता असण्याचा संभव जास्त. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही, त्याच कागदावर ते छापलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही.

रिपोर्टमध्ये ठळक छापलेला प्रत्येक आकडा म्हणजे आजार नव्हे. मात्र लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट हे तिन्ही एकाच वेळी कमी असतील, किंवा स्मिअरच्या (काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या तपासणीच्या) शेऱ्यात ‘ब्लास्ट’ म्हणजे कच्च्या पेशी हा शब्द असेल, तर त्याच आठवड्यात रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा.

‘सहा महिने झाले गोळ्या घेऊन राहिली जी, पण नऊच्या वर काही जात नाही.’ असं का होतं?

याची चार कारणं असतात आणि डॉक्टर ती याच क्रमानं तपासतात.

पहिलं म्हणजे गोळी पोटात जाते कशी. मळमळ होते, पोट दुखतं, शौच काळी होते, म्हणून अनेक बायका गोळ्या घेणं सोडतात आणि घरात सांगत नाहीत. काळी शौच हा त्या गोळीचा स्वाभाविक परिणाम आहे, घाबरू नका. जी गोळी घेतात ती पुष्कळदा जेवणानंतर आणि वर चहा. चहा लोहाला आतड्यातच अडवतो, दूध आणि कॅल्शियमची गोळीही तेच करते. लोहाची गोळी उपाशीपोटी किंवा दोन जेवणांच्या मध्ये, लिंबूपाण्यासोबत किंवा संत्र्यासोबत घ्यावी. क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. नागपुरात हिवाळ्यात संत्री दारात येतात, त्याचा फायदा घ्या. पोटाला सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगून दिवसाआड घेता येते. हिमोग्लोबिन बरोबर आलं की गोळी लगेच थांबवू नये. अंगातला साठा भरायला आणखी सुमारे तीन महिने लागतात.

दुसरं कारण, रक्त कुठून तरी जात आहे. पाळीत गाठी पडणं, सात दिवसांहून जास्त रक्तस्राव होणं, मूळव्याध, आणि शेतात अनवाणी काम करणाऱ्यांना होणारे हूकवर्म हे जंत. अंगदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी खाणाऱ्यांच्या पोटातही जखम होऊन हळूहळू रक्त जातं. यात एक गोष्ट आग्रहानं सांगतो: पाळी गेलेल्या बाईला किंवा कोणत्याही पुरुषाला लोहाची कमतरता निघाली, तर ‘खाणंपिणं बरोबर नसेल’ म्हणून सोडू नका. पोटातला अल्सर किंवा आतड्याचा कॅन्सर कित्येकदा आधी असाच दिसतो. दुर्बिणीची तपासणी सुचवली तर टाळू नका.

तिसरं, आतडं लोह घेतच नाही. तेव्हा शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात. आताची औषधं रुग्णालयात देखरेखीखाली एक-दोन वेळांत देता येतात.

चौथं कारण विदर्भात सगळ्यांत महत्त्वाचं. मुळात तो लोहाचा अभाव नाहीच. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या माणसाला फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) न बघता वर्षानुवर्षं लोह देत राहिलं, तर उपयोग काहीच होत नाही आणि थॅलेसेमियाच्या रुग्णात तर अंगात लोह साठून अपाय होतो. म्हणून महिनाभर नीट गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन किमान एक ग्रॅमनं वाढलं नाही, तर गोळीचा ब्रँड बदलण्याऐवजी फेरिटिन आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी) करून घ्या.

बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे यांनी भरून निघणार नाही का?

हे पदार्थ जरूर खा, पण आठ ग्रॅम हिमोग्लोबिन त्यांनी बारा होत नाही. बीटाचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचा एकमेकांशी संबंध नाही; बीटात लोह थोडंच असतं. मांसाहार चालत असेल तर कलेजी आणि मटणातलं लोह सगळ्यांत चांगलं शोषलं जातं. शाकाहारी घरात पालेभाज्या, मटकी-चण्याची उसळ आणि वर लिंबू. एकदा तूट पडली की औषध लागतंच.

पोरगी माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाते. रागावून ऐकत नाही.

रागावू नका, हिमोग्लोबिन तपासा. अशी ओढ हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. सारखा बर्फ खावासा वाटणं हेही त्यातलंच. लोह भरून निघालं की ती ओढ बहुधा आपोआप जाते. जंतांचं औषधही विचारून घ्या.

हातपायांना मुंग्या येतात आणि रक्तही कमी आहे. हे दोन वेगळे आजार आहेत का?

बहुतेक वेळा एकच असतो, बी-१२ची कमतरता. हे जीवनसत्त्व वनस्पतींमध्ये नसतं, त्यामुळे शुद्ध शाकाहारी आणि दूधही बेताचंच घेणाऱ्या माणसांत ते हमखास कमी निघतं. मधुमेहासाठी अनेक वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही तपासून घ्यावं. जीभ लाल-गुळगुळीत होते, तोल जातो, विसरायला होतं. बी-१२ न देता नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या तर हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं आणि नसांची इजा मात्र आतून वाढत राहते. म्हणून दोन्ही कमी असतील तर बी-१२ आधी किंवा सोबत द्यावं लागतं. सुरुवातीला इंजेक्शन, पुढे गोळी. यात सुधारणा इतकी लवकर होते की लोकांना आश्चर्य वाटतं.

सिकलसेलमध्ये नेमकं होतं काय? आणि आपल्याकडेच इतका का?

हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात एक छोटासा बदल असतो. साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच. पण त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून कडक दोरे बनतात आणि लवचिक गोल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथं अडकतात तिथं असह्य कळा येतात. शिवाय साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळे. त्या पिवळेपणाला कावीळ समजून कित्येक लेकरांना झाडपाला दिला जातो.

या बदलाचा एकच जनुक अंगात असेल तर माणूस मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून बराच वाचतो. म्हणून जिथं शतकानुशतकं मलेरिया होता तिथंच तो पिढ्यांमधून टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात आणि आपल्या मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर हे सगळे जिल्हे त्या पट्ट्यात येतात. गोंड, माडिया, प्रधान अशा आदिवासी समाजांत तो आहे, बौद्ध समाजात आहे, कुणबी-तेली अशा इतर समाजांतही आहे. एखाद्या जातीचा आजार म्हणून त्याकडे पाहणं चूक आहे आणि त्यानं तपासणी लपवली जाते, हे त्याहून वाईट.

‘एएस’ आणि ‘एसएस’ यात फरक काय?

एएस म्हणजे वाहक. एक जनुक बदललेलं, एक चांगलं. हा माणूस आजारी नाही, त्याला औषध लागत नाही, तो शेती करतो, पोलीस भरतीला धावतो. क्वचित लघवीत रक्त दिसलं किंवा अतिश्रमात फार पाणी कमी पडलं तर त्रास होऊ शकतो, एवढंच. एसएस म्हणजे रुग्ण, दोन्ही जनुकं बदललेली. तिसराही गट आहे आणि तो सर्वांत जास्त निसटतो: आई-बापांपैकी एकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचं जनुक आलेला. त्याचा त्रास एसएसच्या जवळपास जाऊ शकतो.

शाळेतल्या शिबिरात सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली होती. तेवढं पुरे ना?

पुरे नाही. सिकलसेल शोधणारी ती टेस्ट स्वस्त आणि झटपट आहे, चाळणी म्हणून चांगली आहे. पण पॉझिटिव्ह आली तर ती वाहक आणि रुग्ण यांत फरक सांगत नाही, आणि थॅलेसेमियाची वाहकता तिला दिसतच नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती भरवशाची नसते, कारण तेव्हा जन्मावेळचं हिमोग्लोबिन अजून जोरात असतं. पक्कं निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसनं होतं. आयुष्यात एकदा केली की झालं. तो कागद लॅमिनेट करून आधारकार्डाशेजारी ठेवण्याच्या लायकीचा आहे. रक्त चढवल्यानंतर लगेच ही तपासणी करू नका, दात्याचं हिमोग्लोबिन त्यात मिसळतं. साधारण तीन महिने थांबावं लागतं.

सिकलसेलवर उपचार आहे तरी का? डॉक्टर फक्त फॉलिक ॲसिड देतात.

उपचार आहे, आणि नुसत्या फॉलिक ॲसिडवर थांबलेला एसएस रुग्ण दिसला की वाईट वाटतं. हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल जन्मावेळचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. ते पेशींना वाकू देत नाही. कळांचे झटके, छातीतला न्यूमोनियासारखा त्रास, रक्त चढवण्याची गरज, हे सगळं कमी होतं. अमेरिकेत मोठ्यांसाठी तिला १९९८ साली मान्यता मिळाली, म्हणजे अनुभव जुना आहे.

‘ही तर कॅन्सरची गोळी’ असं मेडिकल स्टोअरवाला सांगतो आणि घरचे बंद करतात. ती काही रक्तकर्करोगांत वापरली जाते हे खरं, पण सिकलसेलमध्ये मात्रा कमी असते आणि देखरेखीत दिली जाते. सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी करावी लागते, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जाऊ शकतात. परिणाम दिसायला काही महिने लागतात. दुखतं त्याच दिवशी घ्यायची ही गोळी नव्हे, रोजची आहे. मूल हवं असेल तर नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

लहान मुलांत आणखी दोन गोष्टी जीव वाचवतात: पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन, आणि न्यूमोकोकससह सगळ्या लसी. या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते, त्यामुळे साधा जंतुसंसर्गही रात्रीतून वाढतो. आईला प्लीहा हातानं चाचपायला शिकवतात, डाव्या बरगडीखाली. पोट अचानक फुगलं आणि लेकरू पांढरंफटक पडलं, तर प्लीहेत रक्त साचत आहे, ताबडतोब निघा. दोन वर्षांनंतर मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी करून लकव्याचा धोका आधीच कळतो, आणि धोका निघाला तर नियमित रक्त देऊन तो बराच टाळता येतो.

उन्हाळ्यात कळा वाढतात. घरी काय करायचं, आणि धावायचं केव्हा?

नागपूरचा मे महिना ४५ अंशांना टेकतो आणि सिकलसेलच्या माणसाला त्याचा मार दुप्पट बसतो, कारण अंगातलं पाणी कमी झालं की पेशी वाकतात. पाणी, ताक, पन्हं सतत सुरू ठेवा. दुपारचं लग्न, दुपारची वरात यातून लेकराला सूट द्या, नातेवाईक रुसले तरी चालतील. डिसेंबर-जानेवारीची थंडीही तितकीच वाईट. गार पाण्यानं आंघोळ नको. दारू आणि खर्रा बंद.

कळ सुरू झाली तर भरपूर पाणी, गरम शेक, विश्रांती आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी. शेक गरमच हवा, बर्फ अजिबात नाही. तास-दोन तासांत उतार नसेल तर रुग्णालय. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर, छातीत दुखणं किंवा धाप, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, पोट फुगणं, किंवा पुरुषाच्या लिंगाला तासन्‌तास न उतरणारा वेदनादायक ताठरपणा: यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका. शेवटचं लक्षण मुलं लाजेनं लपवतात. बापानं वयात येणाऱ्या मुलाला आधीच सांगून ठेवावं.

रुग्णालयात ‘नाटक करतो’ असं कुणी म्हणालं तर खचू नका. ही कळ हाड मोडल्याइतकी असते आणि तिच्यावर पुरेसं वेदनाशमन मिळणं हा तुमचा हक्क आहे.

मुलगा-मुलगी दोघंही वाहक निघाले. लग्न मोडायचं का?

मोडावंच असं नाही, पण समजून करावं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असं होत नाही. दर खेपेला हिशेब नव्यानं सुरू होतो. एकच वाहक असेल तर बाळ रुग्ण होत नाही. पण एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरीही २५ टक्के धोका आहेच. म्हणून दोघांचीही एचपीएलसी हवी, एकाची सोल्युबिलिटी टेस्ट नव्हे.

लग्न ठरलेलं किंवा झालेलं असेल तर गर्भजल परीक्षणाचा मार्ग आहे. ११व्या-१२व्या आठवड्यात वारेचा अंश किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन बाळाचा जनुक तपासता येतो. त्यासाठी गरोदर राहिल्याचं कळताच यावं लागतं. सातव्या महिन्यात आलेल्या जोडप्याला सांगण्यासारखं फार थोडं उरतं. मामेबहीण-आतेभाऊ अशा जवळच्या नात्यात लग्न असेल तर दोघेही वाहक निघण्याची शक्यता वाढते.

माझं मत विचाराल तर बायोडेटा दाखवतानाच हा कागद दाखवावा. कुंडली काढतात तिथं एक रक्ततपासणी काढायला काय हरकत आहे? आणि वाहक निघालेल्या मुलीलाच फक्त ‘दोष’ लागतो, मुलाला लागत नाही, ही रीत बंद व्हायला हवी.

थॅलेसेमियात दर महिन्याला रक्त चढवतात. मग अंगातलं लोह काढायची गोळी का?

थॅलेसेमिया मेजरच्या मुलाचं हिमोग्लोबिन नीट बनतच नाही, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, आणि ते नऊ-साडेनऊच्या खाली जाण्याआधीच. फारच उतरेपर्यंत वाट पाहिली तर चेहऱ्याची हाडं रुंदावतात, वाढ खुंटते. मात्र रक्ताच्या प्रत्येक पिशवीसोबत २०० मिलिग्रॅमच्या आसपास लोह अंगात येतं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते हृदय, यकृत आणि ग्रंथींत साचतं. म्हणून १० ते २० पिशव्यांनंतर किंवा फेरिटिन १०००च्या वर गेल्यावर लोह काढणारं औषध सुरू होतं: डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन, किंवा पंपानं दिलं जाणारं डेस्फेरिऑक्सामिन. हे औषध दिसणारा फरक करत नाही, त्यामुळे वयात आलेली मुलं ते टाळतात. पुढे हृदय दगा देतं ते यामुळेच.

सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे. नागपुरातल्या जरीपटक्यासारख्या वस्तीतल्या कुटुंबांना हे माहीतही असतं. पण वाहक सगळ्याच समाजांत सापडतात.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटनं कायमचं बरं होतं, हे खरं का? आणि जीन थेरपी?

बोन मॅरो म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि अप्लास्टिक ॲनिमियात (मॅरो रक्त बनवेनासा होतो तो आजार) ट्रान्सप्लांटनं माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. सख्ख्या भावंडाशी एचएलए (पेशींवरची ओळखखूण) पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के. वय कमी आणि अंगात लोह कमी, तितके निकाल चांगले, म्हणून ‘मोठा झाल्यावर पाहू’ म्हणू नका. आता आई-वडिलांचा अर्धा जुळणारा मॅरोही वापरतात. धोका आहे: संसर्ग, आणि दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला. खर्चासाठी कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना ठरलेल्या रुग्णालयांत पात्र मुलांना १० लाखांपर्यंत मदत देते. थॅलेसेमियासोबत अप्लास्टिक ॲनिमियाही त्यात आहे.

जनुकात कात्री चालवणारा पहिला उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३च्या अखेरीस मंजूर झाला. त्याची किंमत २० लाख डॉलरच्या वर आहे. आशा जरूर ठेवा, पण तिच्या भरवशावर आजची हायड्रॉक्सीयुरिया थांबवू नका.

डेंग्यूत प्लेटलेट ४० हजारांवर आल्या. पिशवी शोधायला धावू का?

नाही. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट १० हजारांच्या खाली गेल्यावरच बहुधा त्या देण्याचा विचार होतो. डेंग्यूत खरा धोका रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपण्याचा असतो, आणि तो ताप उतरल्यावर येतो. जोराची पोटदुखी, सारख्या उलट्या, थंड हातपाय, लघवी कमी होणं, गळून जाणं, याकडे लक्ष द्या. पपईच्या पानांच्या रसामागे धावताना सलाइनला उशीर होऊ देऊ नका.

ताप नाही, त्रास नाही आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट ३० हजार, असं असेल तर आधी स्मिअर बघायला सांगा. नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र त्यांना मोजत नाही. दुसऱ्या प्रकारच्या नळीत रक्त घेतलं की खरी संख्या कळते. खरोखरच कमी असतील तर आयटीपी असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते. मुलांत तो बरेचदा आपोआप जातो; मोठ्यांत स्टेरॉइड, आणि गरज पडली तर एल्ट्रोम्बोपॅगसारख्या गोळ्या.

मुलाच्या गुडघ्यात वारंवार रक्त साचतं. हाडाच्या डॉक्टरांनी इथं पाठवलं.

योग्य केलं. हिमोफिलियात रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक, म्हणजे फॅक्टर, कमी असतो. आईकडून येतो, त्रास मुलग्यांना होतो. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच नसतो. नियम एकच पाठ करा: आधी फॅक्टर, मग एक्स-रे आणि बाकी सगळं. डोक्याला मार लागला तर बाळ हसत-खेळत असलं तरी फॅक्टर द्यायचाच. कमरेत इंजेक्शन नाही, ॲस्पिरिन नाही, दात काढायचा असेल तर आधी कळवायचं. आता त्वचेखाली देता येणारं एमिसिझुमॅब हिमोफिलिया ए मध्ये रक्तस्राव होण्याआधीच अडवतं. मुलींनाही रक्त न थांबण्याचे आजार असतात. पहिल्या पाळीपासूनच भयंकर रक्तस्राव होत असेल तर व्हॉन विलब्रँड आजाराची तपासणी मागा.

रक्ताचा कॅन्सर म्हटलं की संपलंच का?

मुळीच नाही. लहान मुलांतला एएलएल हा रक्तकर्करोगाचा प्रकार दोन-अडीच वर्षांच्या पूर्ण उपचारानं बहुसंख्य मुलांत बरा होतो. अट एवढीच की मधे सोडायचा नाही. केस गेले, लेकरू सुधारलं, म्हणून गावी नेलेली मुलं आजार उलटून परत येतात. सीएमएल या दुसऱ्या प्रकारच्या रक्तकर्करोगाचे रुग्ण इमॅटिनिबची रोजची गोळी घेऊन नोकरी-संसार करतात. हे औषध २००१मध्ये आलं आणि भारतात स्वस्त जेनेरिक मिळतं. भारतात तयार झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून त्यांना कॅन्सरवर सोडायचं), आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली, २०२३मध्ये मंजूर झाली.

दोन ठिकाणी आपल्याकडे उशीर होतो. मानेत न दुखणारी गाठ दिसली की तुकडा न तपासता टीबीची औषधं सुरू होतात आणि लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, महिनोन्‌महिने वाढतो. आणि साठीतल्या माणसाची पाठदुखी, कमी हिमोग्लोबिन आणि वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) ही तीन लक्षणं तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे वाटली जातात, तेव्हा मायलोमा हा मॅरोतला कॅन्सर कुणाच्याच लक्षात येत नाही.

एकच पाय सुजला आहे. हा रक्ताचा आजार कसा?

पायाच्या खोल शिरेत गुठळी असू शकते. बाळंतपण, ऑपरेशन, लांबचा प्रवास यांनंतर जास्त. मालीश करू नका, त्याच दिवशी डॉपलर करा. सोबत धाप लागली तर ती तातडीची बाब आहे.

कमरेतून मॅरो काढतात. त्यानं पाय जातात का?

नाही. सुई मागच्या बाजूनं कमरेच्या हाडात जाते, मणक्यात नाही. जागा बधिर करतात. मॅरो ओढताना काही सेकंद जोराची कळ लागते, तासाभरात माणूस चालत घरी जातो.

नागपुरात दाखवायचं कुठं? पैशांचं काय?

सरकारीत मेडिकल आणि मेयो ही शासकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, आणि बाळंतपण व मुलांसाठी डागा. कॅन्सरसाठी तुकडोजी महाराजांच्या नावाचं प्रादेशिक रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. चंद्रपुरात आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीच उभं केलेलं संशोधन केंद्र आहे. सिकलसेलची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोफत होते. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरवली होती.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आहे. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत, त्यामुळे प्रमाणपत्र काढून घ्या. त्यावर दहावी-बारावीत तासाला २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. एसटीच्या सवलतीची आगारात चौकशी करा. या रुग्णांना सरकारी रक्तपेढीत बदली रक्तदाता न देता मोफत रक्त मिळायला हवं. कुणी दाता आणायला लावलं तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी विचारा.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

सगळे जुने सीबीसी, तारखेनुसार लावून. नुसता शेवटचा नको. रक्त कधी आणि किती पिशव्या चढवल्या याची नोंद. चालू गोळ्यांचे रिकामे पत्ते, त्यात आयुर्वेदिक आणि गावठी औषधंही, लपवू नका. घरात कुणाला ‘पांढरी कावीळ’, सततचं अंगदुखणं किंवा लहानपणी गेलेलं भावंड असेल तर ते आठवून या. आजीला विचारलं तर तिला बहुधा माहीत असतं. शक्य असेल तर आई-वडील दोघेही या, कारण एचपीएलसी दोघांचीही लागेल.